पाच लिटरचा नमुना

माझी आई तिच्या थोरल्या दिराशी बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावाच्या बायकोने तोंड उघडायचं नाही, असं तिला लग्नात कुणीतरी सांगितलं आणि नंतर ते मागे घ्यायला कुणी आलंच नाही. लालबागच्या आमच्या चाळीत काकांची खोली आमच्या खोलीला लागून आहे. काका दिवसातून दोनदा आमच्याकडे चहाला येतात, खुर्चीत बसतात, आणि आई तीन हातांवरून मला म्हणते, "काकांका इचार, चायत साखर चलात मां." मी काकांकडे वळते. काका मला म्हणतात, "सांग, चलात." मी आईकडे वळते. तोवर साखर पडलेली असते, पण मी सांगेपर्यंत आई चमचा फिरवत नाही.

हे टपाल मी कळायला लागल्यापासून वाहते आहे. मी बँकेत नोकरीला लागले, मला चष्मा लागला, माझे केस पिकायला लागले, पण बढती काही मिळाली नाही. बाबांना हे काम जमत नाही. ते वाटेतच निरोप विसरतात.

काका आमच्या गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. आमचं गाव कोकणात आहे, पण अर्धं गाव या एका चाळीत राहतं. मजल्याच्या टोकाची एक खोली पूर्वीपासून गावाची. गिरण्या होत्या तेव्हा तिथे गावातून आलेली माणसं पाळीपाळीने झोपायची. आता तिथे कॅरम बोर्ड आहे, भजनाचे टाळ आहेत, कुणीच न नेलेल्या पत्र्याच्या ट्रंका आहेत, आणि मंडळाच्या सभा होतात. कार्यकारिणी सगळी पुरुषांची. मला 'सोशल मीडिया प्रमुख' असं पद दिलेलं आहे, कारण मोबाइलवर मराठीत टाइप करायचा सगळ्यांना कंटाळा येतो.

आमच्या मंडळाला गावासाठी काहीतरी सिमेंटचं बांधायची हौस आहे. आधीच्या पिढीने पार बांधला, मग देवळापुढे मंडप घातला. काकांच्या मनात होती कमान. गावाच्या वेशीवर, मंडळाचं नाव वर ठळक अक्षरांत. शेजारच्या गावाने कमान उभारून तिच्यावर दोन सिंह बसवले होते, तेव्हापासून काकांना त्या रस्त्याने जाववत नव्हतं. आपल्या कमानीवर हत्ती हवेत, आणि ते नुसते हत्ती नकोत, त्यांच्या सोंडेतून पाणी उडलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. परळच्या एका गणपतीच्या कारखान्यातून नमुन्याचा एक हत्तीसुद्धा आला. गुडघ्याएवढा. मूर्तिकाराने त्याचे डोळे सवयीने असे आखले होते की त्याच्याकडे बघितलं की हात जोडावेसे वाटत. तो गावाच्या खोलीत कॅरम बोर्डाशेजारी उभा राहिला आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याच्यापुढे जास्वंद वाहिलं.

सगळं ठरल्यासारखंच होतं. पण मध्ये ताईचं बाळंतपण आलं.

ताई म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. चाळीतल्या मुली ठाण्याला, डोंबिवलीला दिल्या जातात. ही एका आंबेवाल्याच्या प्रेमात पडून सरळ कोकणात गेली, आमच्या गावाशेजारच्या गावात. काकू, म्हणजे तिची आवस, ताई शाळेत असतानाच गेल्या. तिच्या वेण्या आईने घातल्या, तिला साडी नेसायला आईने शिकवलं, आणि लग्नात रडून सासरी पाठवलीही आईनेच. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे परळला झालं. दुसरं रीतीप्रमाणे सासरी. म्हणजे त्या पंचक्रोशीला मिळून जे एक सरकारी आरोग्य केंद्र आहे, तिथे.

आई चार दिवस तिच्याकडे राहायला गेली आणि तपासणीला तिच्यासोबत त्या केंद्रात गेली. संध्याकाळी तिचा मला फोन आला. ती फार तापली होती. केंद्राच्या गच्चीवर सिमेंटची टाकी आहे, तिचं झाकण वादळात उडालं, ते कुणाच्या तरी काजूच्या बागेत पडलंय. टाकीत बेडूक आहे. बेडकाविषयी विचारलं तर बाहेर बसलेले एक आजोबा म्हणाले, बेडूक आहे म्हणजे पाणी जिवंत आहे. व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचं पिंप आहे, त्याला साखळीने पेला बांधलाय, आणि पिंपाच्या तळाला बघवत नाही. डॉक्टर पाणी घरून आणतात, नर्स घरून आणते, शिपाईसुद्धा घरून आणतो. लांबच्या वाडीवरून आलेली एक बाळंतीण तेवढी त्या पिंपातलं पाणी पीत होती, कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईने ताईची बाटली तिला देऊन टाकली.

"अगो, हगवणीचा औषद ज्या पाण्यात कालवून देतत, त्याच पाण्यान हगवण लागात," आई म्हणाली. "माझ्या पोरीक मी ह्यां पाणी पिऊक देवचंय नाय."

मी म्हटलं, काकांना सांगूया. मंडळाने कमानीऐवजी टाकी नीट करून द्यावी, फिल्टर बसवून द्यावा. आई म्हणाली, मग सांग की. म्हणजे मीच.

मी सांगितलं. काकांना ते अजिबात आवडलं नाही. मुंबईत बसून गावच्या पाण्याला नावं ठेवायची म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. गावच्या पाण्यावर त्यांची श्रद्धाच आहे. आई गावाहून येताना आमच्या घरच्या विहिरीचं पाणी बाटलीतून त्यांच्यासाठी आणते. सर्दी असो, सांधे असोत, काका ते वाटीवाटीने पितात आणि बरे होतात. ते म्हणाले, "ह्यांच पाणी पिवान आमी वाढलंव. काय झाला आमका?" त्यांना काय काय झालं त्याची यादी माझ्याकडे होती, पण मोठ्या माणसांना उलट बोलू नये.

आईने फोनवरूनच मला निरोप दिला, "काकांका इचार, हत्तीक पाणी आसा नि बाळंतिणीक नाय, ह्यां खंयचा शास्तर?"

मी फोन स्पीकरवर ठेवलेला होता, त्यामुळे हा निरोप मला वाहावा लागला नाही. काका ताडकन उठून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र चिटणीसांकडून कळलं की येत्या रविवारी अकरा वाजता सभा आहे, कमानीवर मतं घेणार, आणि पाणी वाईट असल्याचा कुणाकडे पुरावा असेल तर त्याने तो आणावा.

चिटणीस वकिलांच्या ऑफिसात कारकून होते. पुरावा हा शब्द त्यांना फार प्रिय आहे.

मी दादरच्या एका लॅबमध्ये चौकशी केली. त्यांनी एक छोटी निर्जंतुक बाटली दिली, ती मी गावी जाणाऱ्या एकाच्या हाती पाठवली. टाकीच्या नळाचं पाणी भरायचं, बर्फात ठेवायचं, शक्य तितक्या लवकर आणून द्यायचं. रविवारी सकाळी लॅब उघडी असते. आईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग ती बाटली हातात आल्यावर तिला वाटलं, एवढ्याशा पाण्यात त्या लोकांना काय कळणार. आमच्याकडे पाहुण्याला एवढंसं काही देत नाहीत. म्हणून तिने ती बाटली भरलीच, आणि शिवाय तेलाचा पाच लिटरचा कॅन घासून, उन्हात वाळवून तोही त्याच नळाखाली भरला. असू दे जादा.

बसमधून तिने हे मला अभिमानाने सांगितलं. मी म्हटलं, आई, लॅबवाले कॅन घेणार नाहीत. तो सामानासोबत लालबागला उतरव आणि तू बाटली घेऊन तशीच दादरला ये, मी तिथे उभी आहे. बस नव्या पुलावरून येते, म्हणजे लालबाग आधी आणि दादर पुढे.

सकाळी लालबागला सामान उतरवून घ्यायला आले काका. बाबा सभेसाठी फरसाण आणायला गेले होते आणि मी दादरला, म्हणजे टपालखातं बंद. आई खिडकीत बसलेली, काका खाली फुटपाथवर. मध्ये बोलायला कुणी नाही. आईने फणसाचं पोतं दाखवलं, पिशव्या दाखवल्या, आणि मग बसच्या क्लीनरला, काकांना ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाली, "दादा, तो कॅन जरा सांभाळून हां." यापेक्षा जास्त ती क्लीनरला काय सांगणार? बस सुटली.

काकांनी कॅन बघितला. नेहमी बाटलीभर येणारं विहिरीचं पाणी या वेळी कॅनभर आलं होतं, तेही सांभाळून आणलेलं. भावजय कितीही कमानीच्या विरुद्ध असली तरी रीत विसरली नाही, असं त्यांना वाटलं आणि त्यांचं मन भरून आलं. हे सगळं त्यांनी मला नंतर, अंथरुणावर पडल्या पडल्या सांगितलं.

एकट्याने एवढं पाणी प्यायचं म्हणजे स्वार्थीपणा. सामानात कोकमाचं आगळही होतं. काकांचं पूर्वीपासून मत आहे की मुंबईच्या नळाच्या पाण्यात कोकम सरबत खुलत नाही, औषधाचा वास येतो. तेव्हा गावच्या आगळाला गावचंच पाणी. त्यांनी गावाच्या खोलीत मोठ्या पातेल्यात अख्खा कॅन ओतला, आगळ घातलं, साखर घातली, भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली. सरबताचा रंग असा गडद की आत बेडूक असता तरी दिसला नसता.

आम्ही लॅबमध्ये बाटली देऊन धापा टाकत चाळीत पोचलो तेव्हा सभा रंगात आली होती. कार्यकारिणी हत्तीभोवती सतरंजीवर बसली होती. प्रत्येकाच्या हातात स्टीलचा पेला, आणि सगळ्यांच्या मिशा जांभळ्या. काका उभे राहून बोलत होते. ते सांगत होते की हे बघा, हे आपल्या गावचं पाणी, याला म्हणतात चव, आणि याला नावं ठेवणाऱ्यांनी एक पेला पिऊन मग बोलावं. खजिनदारांनी तिसरा पेला घेतला होता. बाबा पातेल्याच्या तळाशी डाव घालत होते.

आईची नजर रिकाम्या कॅनवर गेली. ती दारातच थांबली.

"काकांका इचार," ती मला म्हणाली, "कॅनातला पाणी खंय गेला?"

काका मला म्हणाले, "तिका सांग, पिलंव. झकास होता."

"काकांका सांग," आई म्हणाली, आणि तिचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली, "तां आरोग्य केंद्राच्या टाकीतला होता."

चिटणिसांनी आपला पेला हळूच हत्तीच्या पाठीवर ठेवला. काकांनी सगळ्यांकडे बघितलं, हातातल्या पेल्याकडे बघितलं, आणि मग जे केलं ते फक्त आमचे काकाच करू शकतात. त्यांनी उरलेलं सरबत घटाघटा पिऊन टाकलं आणि म्हणाले, मग तर उत्तमच झालं, परीक्षाही झाली. कुणाला काही झालं आहे का? कुणाला काहीच झालेलं नव्हतं. अजून पाच मिनिटंही झाली नव्हती. काकांनी मोठ्या मनाने जाहीर केलं की उद्या सकाळपर्यंत थांबू, मग मतं घेऊ, म्हणजे कुणाला शंका राहणार नाही. आई वळून घरी आली आणि तिने सगळ्यात मोठं पातेलं गॅसवर ठेवून पाणी उकळायला घेतलं.

आता आमच्या चाळीची एक अडचण सांगायला हवी. आमच्या मजल्यावर संडास तीन, सगळे व्हरांड्याच्या टोकाला. त्यातल्या एकाची कडी आतून लागत नाही, त्यामुळे तिथे जाणाऱ्याला गाणं म्हणावं लागतं. एरवी सकाळी रांगेत माणसं उभी राहत नाहीत, बादल्या उभ्या राहतात. ज्याची त्याची बादली ज्याला त्याला ओळखू येते.

सोमवारी उजाडताना बादल्यांवर विश्वास टाकण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. अख्खी कार्यकारिणी जातीने हजर होती. चिटणीस खांद्यावर टॉवेल टाकून भिंतीला टेकले होते. बाबा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. डावीकडच्या संडासात खजिनदार होते. उजवीकडून, ज्याची कडी लागत नाही तिथून, उपाध्यक्षांचं भजन ऐकू येत होतं, आणि ते मध्येच तुटत होतं. मधल्यात काका होते, बराच वेळ. मंडळाच्या कुठल्याही सभेला एवढी उपस्थिती मी बघितली नव्हती. मला हसू आवरेना. बाबांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यानंतर आवरलं.

आई आली. एका हातात कळशी, दुसऱ्या हातात पेला. पुरुषांची रांग असताना आमच्या चाळीतल्या बायका त्या टोकाला फिरकत नाहीत. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आईने मला विचारलं, काका कुठे आहेत. मी मधल्या दाराकडे बोट केलं आणि निरोप घ्यायला पुढे झाले. आईने मला हाताने बाजूला सारलं. ती सरळ त्या दारापाशी गेली आणि तिने कडी वाजवली.

"भावोजी," ती म्हणाली.

भजन थांबलं. बाबांनी तोंडावर हात ठेवला. माझ्या अख्ख्या आयुष्यात आईच्या तोंडून हा शब्द काकांच्या दिशेने गेलेला मी ऐकला नव्हता.

"साखर-मिठाचा पाणी आणलंय. उकळलेला आसा. भायर इल्यार आधी ह्यां पिवा." आईने कळशी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमी घरात आसात, दारात डॉक्टर आसा. तुमच्या चेडवाचा बाळंतपण त्या टाकीवर होतला. आवस नाय तिका. मी कोणाक सांगू?"

दाराला बोलत होती म्हणून तिला बोलता आलं, असं मला अजूनही वाटतं. समोर काका उभे असते तर ती मलाच म्हणाली असती, काकांका सांग. पण मध्ये दार होतं, आणि तेही संडासाचं, त्याला मानपान नसतो. माझं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

मग आतून काकांचा आवाज आला, एरवी सभेत असतो त्याच्या पावपटीने.

"कमान नको."

पाणी ओतल्याचा आवाज आला.

"हत्ती पण नको. टाकी साफ करून घेवया. झाकण घालूया. फिल्टर बशवया."

चिटणीस भिंतीवरून सरळ झाले. त्याही स्थितीत ते म्हणाले की अध्यक्षांच्या सूचनेला अनुमोदन लागेल. डावीकडच्या संडासातून खजिनदारांनी ते दिलं. भजनवाल्यांनीही दिलं, नाहीतरी त्यांना गाण्यातून सुटका हवी होती. विरोधात कुणी नव्हतं, कारण विरोध करायला थांबलं तर नंबर गेला असता. मी तिथेच उभ्या उभ्या ठराव मंडळाच्या ग्रुपवर टाकला. ठरावाला इतक्या लवकर अंगठे यापूर्वी आले नव्हते. सगळ्यांच्या हातात मोबाइल होता आणि बसून वाट बघण्यावाचून काम नव्हतं.

खालच्या डॉक्टरांनी सगळ्यांना औषध दिलं आणि दोन दिवसांत कार्यकारिणी माणसांत आली. त्याच सुमारास लॅबचा रिपोर्टही आला. पाणी पिण्यास अयोग्य. मी तो ग्रुपवर टाकला. कुणी उघडून बघितला नाही. चिटणिसांनी फक्त हात जोडलेली खूण पाठवली.

टाकीचं काम काका स्वतः उभं राहून करून घ्यायला गावी गेले. उडालेलं झाकण काजूच्या बागेतून त्यांनीच शोधून काढलं. त्यावर कुणीतरी आमसुलं वाळत घातली होती. ते तसंच ठेवून त्यांनी नवं आणलं. बेडकाला बादलीतून विहिरीवर नेऊन सोडलं. नर्सबाईंनी टाकी दर महिन्याला धुवायची, पाण्यात औषध घालायचं, असं सांगितलं, तर काकांनी त्यासाठी गावातला एक माणूसच नेमून टाकला. फिल्टर व्हरांड्यात बसला. कोनशिलेवर स्वतःचं नाव नको म्हणाले, याचं आम्हाला आश्चर्य वाटलं. मग कळलं की नमुन्याचा हत्ती ते एस.टी.ने मांडीवर घेऊन गेले होते आणि तो फिल्टरशेजारी बसवला होता. माणसाने स्वभाव सोडायचा तरी किती. पेशंट आता आधी हत्तीला हात जोडतात, मग पाणी पितात. पुढ्यात दूर्वाही असतात.

ताईला मुलगी झाली. आम्ही सगळे केंद्राच्या व्हरांड्यात होतो. नर्सबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, दोघी चांगल्या आहेत, बाळंतिणीला आता कोमट पाणी द्या. आईने फिल्टरचं पाणी घरी नेऊन, उकळून थर्मासमध्ये आणलेलं होतं. फिल्टरवर तिचा विश्वास आहे, पण उकळलेलं ते उकळलेलं.

थर्मास काकांच्या हातात होता. बाप म्हणून तेच आत जाणार असं मी धरून चालले होते. ते दारापर्यंत गेले आणि थांबले. मग मागे फिरले. माझ्याकडे येतील असं वाटलं म्हणून मी सवयीने पुढे झाले. पण ते मला ओलांडून आईसमोर जाऊन उभे राहिले आणि थर्मास पुढे करून तिला म्हणाले,

"पयला पाणी तू दी. तिची आवस तूच."

आईने थर्मास घेतला. तिचे डोळे भरून आले होते, पदर सापडत नव्हता. काका अगदी समोर उभे होते आणि मध्ये दार नव्हतं. ती माझ्याकडे वळली.

"काकांका सांग," ती म्हणाली, "देतंय."